रेसिंगची बातमी लिहिण्याआधी

कोथरूड, पुणे

प्रिय मंदार,

तू मराठीत रेसिंगवर नियमित लिहिणार हे वाचून फार आनंद झाला. पण पहिल्या पत्रकार-पाससाठी अर्ज करण्याआधी या खेळातली बातमी येते कुठून, ते नीट बघून घे.

फॉर्म्युला वनचं टीव्हीवर दिसणारं चित्र स्पर्धेचे व्यावसायिक हक्क असलेली कंपनीच तयार करते. कुठल्या ड्रायव्हरचं संघाशी रेडिओवर चाललेलं बोलणं ऐकवायचं, तेही तीच ठरवते. पत्रकाराचा पास एफआयएच्या, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक नियामक संस्थेच्या हातात, ज्या संस्थेच्या निर्णयांवर लिहायचं तिच्याच. मुलाखतीला संघाचा प्रेस ऑफिसर स्वतःचा रेकॉर्डर घेऊन शेजारी बसतो. आपल्याकडे तर अनेकदा विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण सगळं कंपनीचं, आणि प्रसिद्धिपत्रक ईमेलमध्ये तयार. मग चार ठिकाणी तीच बातमी, त्याच विशेषणांसकट. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. धमकी कुणी देत नाही. पुढचं बोलावणं येणार नाही, ही धास्ती पुरते.

मार्च 2024 मध्ये अमेरिकेतल्या रोड अँड ट्रॅक मासिकाने केट वॅग्नर यांचा फॉर्म्युला वनवरचा लेख प्रसिद्ध केला आणि लगेच काढूनही टाकला. त्यांच्या ऑस्टिनच्या शर्यतीच्या वारीचा खर्च मर्सिडीज संघात हिस्सा असलेल्या इनिऑस या पेट्रोकेमिकल कंपनीने केला होता, आणि हे त्यांनी लेखातच सांगितलं होतं. असं प्रांजळपणे लिहिणाऱ्याचा लेख टिकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नुकसान काय होतं ते बघ. सप्टेंबर 2008 मध्ये सिंगापूरला रेनो संघाच्या पिके ज्युनियरने मुद्दाम भिंतीवर गाडी घातली, सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार आली आणि त्याचा फायदा होऊन त्याच संघाचा अलोन्सो जिंकला. सगळं पॅडॉक (ट्रॅकमागचा संघांचा तळ) पत्रकारांनी भरलेलं, तरी खरी गोष्ट बाहेर यायला 11 महिने लागले. तीसुद्धा संघाने पिकेला काढल्यावर. फेब्रुवारी 2020 मध्ये एफआयएने फेरारीच्या 2019 च्या इंजिनाबाबतच्या चौकशीत त्या संघाशी गुप्त समझोता केला. सात संघांनी जाहीर हरकत घेतली, तरी त्या समझोत्याचा तपशील उघड झाला नाही.

आणि घरचं उदाहरण. 2023 या एकाच वर्षात चेन्नईच्या ट्रॅकवर जानेवारीत एक अनुभवी ड्रायव्हर गेला आणि ऑगस्टमध्ये 13 वर्षांचा रायडर. अशा वेळी श्रद्धांजलीचा मजकूर लिहून थांबू नकोस. लाल झेंडा किती सेकंदांत पडला, वैद्यकीय गाडी कुठे उभी होती, त्या वळणावर मार्शल (झेंडे दाखवणारे, मदतीला धावणारे कर्मचारी) किती होते, पडलेल्या रायडरला मागचे चुकवू शकतील एवढं अंतर होतं का, त्या वयाला त्या गटात परवानगी कोणत्या नियमाने मिळाली, चौकशीचा अहवाल कोण आणि कधी जाहीर करणार, हे सगळं विचार. विजेत्याच्या मुलाखतीपेक्षा मला हे प्रश्न मोलाचे वाटतात.

कामाची सुरुवात कागदांपासून कर. एफआयए प्रत्येक शर्यतीचे स्टुअर्ड्सचे, म्हणजे पंचांचे निर्णय क्रमांक घालून प्रसिद्ध करते; ते मुळातून वाच, संघाच्या निवेदनावरून नको. निकाल आधी तात्पुरता लागतो आणि त्यावर हरकत घ्यायला साधारण 30 मिनिटं असतात. म्हणून निकालाच्या कागदावरची वेळ टिपून ठेव. तेवढ्यात ‘विजेता’ लिहून मोकळं झालं की पुढे फसगत होते. नव्या फ्लोअरने (गाडीच्या तळाच्या भागाने) लॅपमागे तीन दशांश सेकंद मिळाले, असं संघ सांगेल. तू लॅप टाइम्सचा, म्हणजे प्रत्येक फेरीच्या वेळेचा तक्ता घे. पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) जाण्या-येण्याचे आणि सेफ्टी कारचे लॅप वगळ, आणि तेच टायर तितकेच लॅप वापरलेल्या गाड्यांशी तुलना कर. इंधनाचा हिशेब विसरू नकोस. 2025 पर्यंतच्या नियमांत शर्यतीला जास्तीत जास्त 110 किलो इंधन होतं, आणि 10 किलो कमी झालं की लॅपमागे ढोबळमानाने 0.3 सेकंद वाचतात. म्हणजे साधारण पाच-सहा लॅपमध्ये गाडी नुसत्या इंधनाने तेवढी वेगवान होते. तीन दशांश तिथेच सापडले तर फ्लोअरचं श्रेय कुठे उरलं?

पुण्यात बालेवाडीला जानेवारी 2024 मध्ये सुपरक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत झाली. क्रीडा संकुल शासनाचं आहे, त्यामुळे तिथल्या अशा स्पर्धेची माहिती आयोजकांच्या मर्जीवर अवलंबून नाही. माहिती अधिकारात अर्ज कर, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. महाराष्ट्रात अर्जाला साधारण 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. म्हणून लांबण लावू नकोस. मैदानाचं भाडं, अनामत, आणि करारात रुग्णवाहिका व अग्निशमनाची अट, एवढंच माग. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील कर.

खर्च शक्यतो स्वतःचा कर. नाहीच जमलं तर ‘प्रवासखर्च अमुक कंपनीने केला’ हे पहिल्याच परिच्छेदात लिही, तळटीपेत नको.

पहिला मसुदा झाला की लॅपच्या तक्त्यासकट पाठव, आकडे ताडून देतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांत