काका, बाबांच्या फोटोंचा रोल तुमच्यामुळे वाचला

प्रिय काका,

फोनवर आभार मानायला गेले तर "अगं, राहू दे" म्हणत तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुम्ही वाचवलेल्या त्या दोन फिल्म रोलांवर आमच्या बाबांची प्रोजेक्शन रूम होती. बाबांची सगळी नोकरी थिएटरात ऑपरेटर म्हणून झाली. मशीन भंगारात जायच्या आदल्या रात्री मी त्यांचे फोटो काढले, तेही मुद्दाम कोडॅकच्या ५००टी वर. पिवळ्या बल्बच्या उजेडासाठीच बनलेली ही सिनेमाची फिल्म. बाबा सिनेमाच्याच पट्टीवर उतरावेत, एवढीच माझी इच्छा होती.

पहिला रोल ज्या दुकानात धुवायला दिला, तिथे फिल्मच्या पाठीवरच्या काळ्या थराबद्दल मी बजावून सांगितलं होतं. कार्बनचा तो थर आधी काढावा लागतो, नाहीतर काजळी सगळ्या केमिकलमध्ये उतरते. पुष्कळ लॅब "आमच्याकडे होत नाही" असं सरळ सांगतात आणि त्यांचं बरोबरच आहे. यांनी "होऊन जाईल" म्हणत पैसे घेतले आणि काजळीने माखलेली निगेटिव्ह हातात ठेवली. वर मलाच सुनावलं, "सिनेमाची फिल्म स्टिल कॅमेऱ्यात घालतं का कुणी?" अहो, १९२५ साली बाजारात आलेला लायका ऑस्कर बारनाकने सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवरच तर बेतला होता! २४ × ३६ ची फ्रेम म्हणजे सिनेमाच्या दोन फ्रेमा शेजारीशेजारी. फिल्मचा धंदा करणाऱ्याला एवढंही ठाऊक नसावं?

दुसरा रोल तुमच्यापुढे ठेवताना माझा हात सुटत नव्हता. तुम्ही तो बाजूला सरकवलात, फ्रिजमधून त्याच फिल्मचा स्वतःचा शॉर्ट एंड, म्हणजे शूटिंगनंतर उरलेला कोरा तुकडा, काढलात, हातभर पट्टी माझ्या कॅमेऱ्यात भरून दिलीत आणि म्हणालात, "खिडकीचे फोटो काढ. बिघडला तर आधी माझा तुकडा बिघडू दे, मग बाबांच्या रोलला हात लावू."

काका, लॅबमध्ये तुमच्या हाताखालून किती निगेटिव्ह गेली असेल! तुम्हाला चाचणीची काय गरज होती? पण माझी धास्ती तुम्ही ओळखलीत, आणि धीराचे शब्द न बोलता स्वतःची फिल्म खर्ची घातलीत. ती पट्टी स्वच्छ निघाली तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला.

मग टाकणखाराच्या पाण्यातून शाईसारखी निघणारी काजळी, पारा ४१ अंशांवरून हलू नये म्हणून तुमची चाललेली धडपड, सगळं पाहिलं. पहिला रोलसुद्धा तुम्ही पुन्हा भिजवून, ओल्या कापसाने पुसून बराचसा साफ केलात. ओरखडे राहिले, पण प्रोजेक्टरच्या गेटमध्ये फिल्म ओवणारी बाबांची बोटं त्यात स्पष्ट दिसताहेत.

काम येणारी माणसं भेटतात, काका. दुसऱ्याची वस्तू आपल्या वस्तूपेक्षा जपणारी फार थोडी. तुम्ही शिकवलेली पोरंही अशीच असणार, याची मला खात्री आहे.

रविवारी बाबांना घेऊन येते आहे. प्रिंट त्यांच्याच हातून घ्या, आणि त्या शॉर्ट एंडचे पैसे मात्र या वेळी नाकारू नका.

तुमची,
ऑपरेटरची मुलगी