श्रोत्याच्या हातातला ढोल

हनोई

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे. दमट हवेमुळे खोकला अधूनमधून डोके वर काढतो, एवढेच. मिरजेची गाण्याची मासिक बैठक आता बंद करावी, असे तू लिहिलेस, त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचत नव्हते. परवा रात्री येथे एक गाणे ऐकले आणि आज लिहायला बसलो, कारण हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

येथे 'का चू' नावाचा जुना गायनप्रकार आहे. जुन्या वस्तीतल्या एका घरात गायिका चटईवर मांडी घालून बसली होती. ती तोंड जेमतेम उघडत होती, तरी स्वर कंठातल्या कंठात दाणेदार फुटत होता, आणि बांबूच्या पट्टीवर काठ्यांनी लयही तीच धरीत होती. साथीला लांब दांडीचे, तीन तारांचे 'डान डाय' होते. त्याच्या खोक्याला पाठच नसते, आणि आपल्या सतारमेकर गल्लीत ते नेले तर कारागीर दिवसभर उलटसुलट करून पाहत बसतील. पण मला तुझी आठवण झाली ती तिसऱ्या वाद्यामुळे. 'चोंग चाऊ' हा लहानसा ढोल वाजवण्याचा मान परंपरेने श्रोत्याचा असतो. गाण्याचे खंड कोठे संपतात हे तो ढोलावर दाखवतो आणि एखादी जागा आवडली की टिपरूच्या आघातानेच दाद देतो. गाणी कवितांवर बांधलेली असल्यामुळे त्याला काव्यही कळावे लागते. दाद हा मैफलीचा भागच आहे, आणि ती चुकीच्या जागी पडली तर सगळ्यांना ऐकू येते! दर्ग्याच्या उरुसात तू भर आलापीत मोठ्याने 'क्या बात है' म्हणालास, त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो, आठवते ना? ती जागा चुकली होती, हे माझे मत आजही कायम आहे.

मला काळजी लागली ती पुढच्या गोष्टीची. तो ढोल श्रोत्यांपैकी कोणी वाजवत नव्हते. त्या मंडळातलेच एक वृद्ध गृहस्थ श्रोत्याच्या जागी बसले होते. शेवटी त्यांनी टिपरू पुढे करून कोणी येता का, असे विचारले. आम्ही बहुतेक परदेशी होतो. चार-दोन स्थानिक तरुण होते, तेही लाजून हसले. माझ्यापुढे टिपरू आले तेव्हा मी हात जोडले, कारण शब्द कळत नसताना दाद देणे हा त्या गायिकेचा अपमान ठरला असता.

फ्रेंच अमलात येथील खाम थिएन रस्त्यावर अशा गाण्याच्या घरांची रांग होती. त्यांपैकी काही घरांत दारू आणि अफूही चाले, म्हणून १९४५ नंतर साऱ्या कलेलाच बट्टा लागला आणि कित्येक गायिकांनी आपल्याला गाता येते हेही लपवून ठेवले. आपल्याकडच्या बैठकीच्या गायिकांचे काय झाले, हे तुला मी सांगायला नको. २००९ साली युनेस्कोने तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत 'का चू'ची नोंद केली. आज मुली पुन्हा शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण गायिका तयार करता येते, श्रोता कोण तयार करणार?

याच शहरात खाण्याचे रसिक मात्र शाबूत आहेत. सकाळी 'फो'च्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या, दुकानात नेहमीचे गिऱ्हाईक आधी नुसता रस्सा चाखते, मगच लिंबू पिळते, आणि रस्सा बिघडला असेल तर मालकिणीला तोंडावर सांगते. 'चा का' म्हणजे हळद लावलेले माशाचे तुकडे. ते टेबलावरच्या शेगडीवर मूठमूठ शेपू आणि कांद्याची पात घालून परततात. होय, शेपू! डब्यात ती भाजी दिसली की तू माझा डबा पळवायचास; येथे तुला सुटका नाही. शेपू केव्हा टाकायचा आणि किती वेळ ठेवायचा, यावर माझे सहकारी हातघाईवर येतात, कारण लहानपणापासून त्यांच्या जिभेला ते वळण लागले आहे. गाण्याच्या बाबतीत मधल्या दोन पिढ्यांच्या कानांवर काही पडलेच नाही, आणि ते वळण तुटले.

म्हणून बैठक बंद करू नकोस. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे येतात, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. पण त्यांत नाना आहेत, आणि नाना कोणत्या जागेला मान हलवतात हे पाहूनच आपण दोघे ऐकायला शिकलो. पोरांना मागे सतरंजीच्या कडेला न बसवता नानांच्या शेजारी बसव. भाड्याचा प्रश्न असेल तर माझा वाटा मी पाठवीन.

मेघनाच्या परीक्षेचे काय झाले? घराचे काम संपले असेलच. वहिनींना नमस्कार. नाना आजारी होते असे कळले, ते सविस्तर कळव. आणि कार्यकारिणीपुढे विषय मांडण्याआधी मला फोन कर.

तुझा,
श्रीकांत