तिसऱ्या घंटेआधी जागेवर बस

चि. सई हिस आईचे अनेक आशीर्वाद.

प्रागची तिकिटं काढलीस हे बाबांकडून कळलं. तीन दिवसांत किल्ला, चार्ल्स पूल आणि ते १४१० सालचं घड्याळ, असा बेत आहे म्हणे. बघ सगळं. पण त्यातली एक संध्याकाळ माझी. ती नाटकघरात घालव.

गेल्या वर्षी आम्ही तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा बाबांनी आणि मी नदीकाठच्या राष्ट्रीय नाट्यगृहात ऑपेरा पाहिला. भाषा चेक. रंगमंचाच्या वर इंग्रजी ओळी झळकत होत्या, पण थोड्या वेळानं मी त्या वाचणं सोडून दिलं. माझी नजर पडद्याच्या वरच्या दोन शब्दांवर खिळली होती, ‘नारोद सोबे’. शेजारच्या बाईंना अर्थ विचारला. आजींच्या वयाच्या होत्या, कडक इस्त्रीचा पांढरा ब्लाउज, मांडीवर कार्यक्रमपत्रिका. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, राष्ट्रानं स्वतःला दिलेलं.

त्याचा अर्थ नीट समजून घे. हे थिएटर बांधलं तेव्हा तिथे राज्य व्हिएन्नाचं, प्रतिष्ठा जर्मन भाषेला. चेक लोकांना आपल्या भाषेचं थिएटर हवं होतं. १८६८ मध्ये पायाचे दगड आले ते गावोगावच्या डोंगरांवरून. जून १८८१ मध्ये पडदा उघडला आणि दोनच महिन्यांत आग लागली, छत आणि प्रेक्षागार जळून गेलं. पुन्हा वर्गणी सुरू झाली आणि ४७ दिवसांत दहा लाख गिल्डर उभे राहिले. १८ नोव्हेंबर १८८३ ला चेक संगीतकार स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या ऑपेरानं थिएटर परत उघडलं.

सांगलीत वाढलेल्या मला हे वाचून भरून येणारच गं. आपल्याकडे १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते राजाच्या आश्रयानं. चेक लोकांचं थिएटर मात्र लोकांच्या खिशातून उभं राहिलं. हौशी नाटकांसाठी मी वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरले आहे, त्यामुळे दहा लाख म्हणजे किती उंबरे झिजवणं हे मला कळतं.

जुन्या गावातलं एस्टेट्स थिएटरही बघ. २९ ऑक्टोबर १७८७ ला मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेराचा पहिला प्रयोग तिथे झाला, वाद्यवृंद त्यानं स्वतः सांभाळला होता. बाहेर रिकाम्या झग्याचा पुतळा आहे, आत माणूसच नाही. त्याच्यासमोर थोडी थांब. दुकानांत लाकडी बाहुल्या टांगलेल्या दिसतील. विकत घेण्याआधी एखादा खेळ बघ. दोऱ्यांवरची बाहुली मान वळवून तुझ्याकडे बघते तेव्हा अंगावर काटा येतो.

आणि राष्ट्रीय नाट्यगृहाकडे चालत जा, नारोद्नी रस्त्यानं. १७ नोव्हेंबर १९८९ ला याच रस्त्यावर कम्युनिस्ट राजवटीच्या पोलिसांनी मोर्चातल्या विद्यार्थ्यांना झोडपलं. दुसऱ्या दिवशी नटांनी संप पुकारला. प्रयोग थांबले, पण थिएटरं बंद झाली नाहीत. रंगमंचावर नट आणि विद्यार्थी उभे राहून प्रेक्षकांशी बोलू लागले. वर्ष संपायच्या आत वात्स्लाव हावेल हा नाटककार राष्ट्राध्यक्ष झाला. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. आम्ही इथे ते टीव्हीच्या बातम्यांत पाहिलं होतं.

वरच्या सज्जातलं तिकीट स्वस्त असतं, तेच काढ. जीन्स नको, ती निळी इरकल नेस, तिथे लोक नटूनथटून येतात. कोट बाहेर जमा करून बिल्ला घ्यायचा असतो, तो हातातच ठेव. मध्यंतरात खाली उतरून छताकडे बघ.

तिकीट छापील घे. फोनवरचं नको. माझ्या डब्यात राज्य नाट्य स्पर्धेपासूनची अर्धुकं आहेत, आमचं प्रागचंही आहे. त्याच्या शेजारी तुझं ठेवायचंय.

तुझी,
आई