खरिपाची खरेदी : मोबाइलवर काय मागवावे, कृषी केंद्रात काय घ्यावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खरीप तोंडावर आला की तालुक्याच्या बाजारात एकच वाद ऐकू येतो. कृषी केंद्रवाले म्हणतात, लोक माल आमच्याकडे पाहतात आणि मोबाइलवरून मागवतात. शेतकरी म्हणतो, तीच बाटली मोबाइलवर दोनशेने स्वस्त दिसत असेल तर तुमच्या दुकानाची पायरी का चढायची? दोघांचेही आपापल्या जागी खरे आहे. पण वस्तू खराब निघाली तर ते किती दिवसांत कळते आणि कळल्यावर बांधावर कोण येते, हे या वादात कोणीच विचारत नाही. माझ्या मते खरेदी कुठे करायची ते यावरूनच ठरवावे, भावाचे नंतर पाहावे.

सोयाबीनचे बियाणे घ्या. मे महिन्यात मागवलेली बॅग आठवड्याभरात घरी येते. परत घ्यायची सोय असलीच तर ती सात-दहा दिवसांची. पेरणी मात्र 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल गेल्यावर, म्हणजे बहुतेक जूनच्या उत्तरार्धात. उगवण फसली हे कळेपर्यंत परतीची मुदत केव्हाच संपलेली असते. त्यात सोयाबीनचे टरफल पातळ. पोते आपटले की आतला अंकुर दुखावतो आणि दाणा वरून ठणठणीत दिसतो. गोदामापासून गावापर्यंत ते पार्सल किती वेळा फेकले गेले, हे पाकिटावर लिहिलेले नसते.

म्हणून बियाणे कुठूनही आणा, पेरणीआधी उगवण तपासा. पोत्यातले सरसकट 100 दाणे मोजून घ्या, निवडून नको. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ठेवा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी सशक्त कोंब मोजा. 70 उगवले तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. 65 उगवले तर सव्वाबत्तीस किलो लागेल. 60 च्या खाली गेले तर ते पेरूच नये. बॅग फोडताना खालच्या बाजूने फोडा, म्हणजे वरची शिवण आणि तिला लावलेले लेबल शाबूत राहते. प्रमाणित, म्हणजे बीज प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेल्या बियाण्याचे लेबल निळे; सत्यप्रत, म्हणजे कंपनीने स्वतःच्या हमीवर विकलेल्या बियाण्याचे हिरवट. त्यावरचा लॉट नंबर, म्हणजे खेपेचा क्रमांक, बिलावर उतरवला आहे का, हे दुकानातून निघण्यापूर्वीच पाहा. लेबल, बिल, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तालुका तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करायचा असतो. समिती शेतात येऊन पंचनामा करते आणि पहिल्यांदा याच चार गोष्टी मागते. उगवण फसलेली पाहून घाईने वखर फिरवला, तर पंचनाम्यात दाखवायला काही उरत नाही.

कपाशीत तर स्वस्ताईचा प्रश्नच फारसा नाही. बीजी-2 या बीटी कपाशीच्या बियाण्याच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. 2025 च्या हंगामासाठी ती 901 रुपये होती. हंगामाच्या ठरलेल्या कमाल किमतीहून जास्त कोणी मागितले तर ती लूट आहे, मग दुकानदार ओळखीचा का असेना. आणि ‘तणनाशक मारा, पऱ्हाटीला काही होत नाही’ असा मेसेज पाठवून जी सरकी कुरिअरने येते, ती चोर बीटी. तिला सरकारची मान्यता नाही. तिचे बिल मिळत नाही, म्हणून तिची तक्रारही कुठे करता येत नाही.

कीटकनाशके ऑनलाइन विकायला 2022 च्या अखेरीस नियमात बदल करून परवानगी मिळाली, पण ती फक्त परवानाधारक विक्रेत्याला. मोबाइलवरच्या विक्रीच्या पानावर विक्रेत्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक दिसत नसेल तर पैसे भरू नका. तरी माझे स्पष्ट मत आहे की फवारणीचे औषध जवळच्या दुकानातूनच घ्यावे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, हे या भागात कोणी विसरलेले नाही. औषध दोन लिटर घ्यायचे की अर्धा, कोणत्या दोन औषधांचे मिश्रण करू नये, अंगावर उडाले तर काय करायचे, हे समोरासमोर विचारता येते. बाटलीवरच्या चौकोनातला रंग पाहा : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. सोबतचे माहितीपत्रक फेकू नका. विषबाधा झालीच तर रुग्णाबरोबर ते पत्रक आणि बाटली दवाखान्यात न्या, कारण डॉक्टरांना उतारा त्यावरच सापडतो.

पाठीवरच्या बॅटरी पंपात मोबाइलची जाहिरात सर्वांत जास्त फसवते. 16 लिटरचा पंप, ‘बारा-आठ’ची बॅटरी, म्हणजे 12 व्होल्ट आणि 8 अँपिअर-अवर. मोटर तीन अँपिअर ओढत असेल तर नवी बॅटरी हिशेबाने अडीच तासांच्या आसपास चालते, जुनी त्याहून कमी. ‘डबल मोटर’ लिहिलेले पाहून लोक हुरळतात, पण दोन्ही मोटरी चालू ठेवल्या की तीच बॅटरी निम्म्या वेळात बसते. शिवाय फवारताना चालण्याचा वेग तोच राहिला आणि पाणी जास्त सुटले, तर एकरी औषधही जास्त पडते. नवा पंप आला की साधे पाणी भरून एक मिनिट बादलीत फवारा आणि किती लिटर जमले ते मोजा. त्यावरून एकराला किती टाक्या लागतील आणि टाकीत किती औषध घालायचे ते ठरते. बरेचसे पंप बिघडतात ते चार्जिंगच्या पिनेवर, बटणावर किंवा ट्रिगरच्या वायसरवर. हे तालुक्याचा मिस्त्री तासाभरात करून देतो, पण भलत्याच बनावटीच्या पंपाचे वायसर त्याच्याकडे नसतात आणि ऐन फवारणीत आठ दिवस पार्सलची वाट पाहता येत नाही. बॅटरी हंगामानंतर तशीच पडून राहिली तर मरते, तिला महिन्या-दीड महिन्याने चार्ज करावे लागते. गोदामात सहा महिने पडलेल्या पंपाला कोणी चार्ज करत नाही. दुकानात पंप चालवून घेता येतो, हा फायदा शे-दोनशे रुपयांहून मोठा आहे.

मोबाइलवर काही घेऊच नये असे मात्र नाही. जुन्या पंपाचे नोझल, लान्स (फवारणीची लांब नळी), गमबूट, हातमोजे, टॉर्च आणि ताडपत्री तिथून बिनधास्त मागवा. ताडपत्रीत फसवणूक वजनाची असते आणि ती घरीच पकडता येते. 18 बाय 24 फुटांची ताडपत्री म्हणजे साधारण 40 चौरस मीटर. 250 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 250 ग्रॅम, लिहिले असेल तर तिचे वजन 10 किलोच्या आसपास भरले पाहिजे. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. सात किलो भरली तर त्याच दिवशी परतीची मागणी टाका.

पार्सल मागवण्याआधी आपला पिनकोड टाकून दोन गोष्टी वाचा : माल दारात येतो की तालुक्याहून आणावा लागतो, आणि परत न्यायला माणूस येतो की नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत माल पोचतो, पण परतीचे पार्सल उचलायला कोणी येत नाही. माल हातात पडण्याआधी ओटीपी सांगू नका. पेटीवरचा पत्त्याचा कागद दाखवून सुरुवात करा आणि पेटी फोडून वस्तू बाहेर काढेपर्यंत एकसलग व्हिडिओ घ्या. मध्ये बंद केलेला व्हिडिओ कंपन्या मानत नाहीत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तसे झाले नाही तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यातच दावा लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही.

आता कृषी केंद्रवाल्यांविषयी. ग्राहक मोबाइलकडे वळतो त्याला त्यांची उधारीही कारण आहे. 1200 रुपयांची बाटली जुलैत उधारीवर 1450 ला दिली आणि पैसे डिसेंबरात घेतले, तर पाच महिन्यांचे व्याज अडीचशे रुपये झाले, म्हणजे महिन्याला शेकडा चारच्या वर. वेळेत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत शून्य टक्के व्याज पडते. मग हा भुर्दंड कशासाठी? खताबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारणे, म्हणजे लिंकिंग, हेही सर्रास चालते. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळायला हवी आणि ई-पॉस, म्हणजे खतविक्रीची नोंद करणाऱ्या मशीनची पावती मागून घ्यायला हवी. बियाण्याचा साठा आणि भावाचा फलक लावणे आणि प्रत्येक खरेदीचे बिल देणे बियाणे नियंत्रण आदेश, 1983 नेच बियाणे विक्रेत्यावर बंधनकारक केले आहे. हे फलक कोपऱ्यात, पोत्यांच्या मागे असतात. ते दारात लागावेत, आणि रोखीचा व उधारीचा भाव शेजारी-शेजारी लिहिलेला असावा.

कृषी विभागाला विनंती एवढीच की तालुक्यातील परवानाधारक विक्रेत्यांची यादी, त्यांचे परवाना क्रमांक आणि तक्रार समितीचा पत्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. रद्द झालेले परवानेही त्याच यादीत वेगळे दाखवावेत. मे अखेरपर्यंत हे झाले तर यंदाच्या पेरणीला ते कामी येईल.

आपला,
एक कृषी पदवीधर वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ