अजिंक्यताऱ्यावरचे चट्टे

सातारा

प्रिय सुध्या,

पत्र पोचलं. वहिनींना काळ्या मसाल्यासाठी दगडफूल हवंय, आणि तू म्हणतोस, रोज अजिंक्यताऱ्यावर चढतोस तर तिथलंच खरवडून आण. लेका, ते जमायचं नाही. मसाल्यातलं पानासारखं सुटतं, ते वाण्याकडून घेऊन पाठवतो. गडाच्या कातळावर जे राखाडी, पिवळट चट्टे दिसतात, त्यांना खालचा पदरच नसतो. बुरशीचे धागे थेट दगडात घुसलेले. काढायचं तर छिन्नीनं दगडाचा टवका उडवावा लागेल.

ही सगळी मंडळी लायकेन. म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार: बुरशी घर सांभाळते, शैवाल उन्हावर अन्न करतं. श्वेंडेनर नावाच्या स्विस माणसानं १८६०च्या दशकात हे सांगितलं, तेव्हा त्या विषयातल्या बड्या जाणकारांनीच त्याला उडवून लावलं होतं!

सध्या मला वेड लागलंय ते अकॅरोस्पोरेसी या कुटुंबाचं. बहुतेक सगळे दगडावर राहणारे, त्यातही उघड्या उन्हातल्या. अंग भेगाळलेलं, बारीक तुकड्यातुकड्यांचं. इतर बहुतेक लायकेनांच्या बीजाणूंच्या एका पिशवीत आठ बीजाणू असतात. यांच्या पिशवीत शंभराच्या वर, कधी कित्येक शे! काही जाती पिवळ्याजर्द असतात, ते ऱ्हायझोकार्पिक आम्लामुळे. अकॅरोस्पोरा सायनोपिका तर लोहाच्या दगडावरच वाढते आणि स्वतःही गंजाच्या रंगाची होते. युरोपात जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर सापडते.

चट्ट्याच्या रुंदीवरून दगड किती काळ उघडा आहे ते काढतात, हे तू कुठंतरी वाचलेलं दिसतंय. खरं आहे. ऑस्ट्रियाच्या बेशेलनं १९५०मध्ये ती रीत मांडली. पण त्यात वापरतात ते ऱ्हायझोकार्पन नावाचं लायकेन, वेगळ्या कुटुंबातलं. थंड मुलखात वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही. तिथला वेग आपल्या पावसाला लावून ‘हा चट्टा शाहू महाराजांच्या राज्याभिषेकाचा, १७०८चा’ असं ठोकून द्यायला मी तयार नाही. आधी इथल्याच, साल कोरलेल्या दगडांवर वर्षानुवर्षं मापं घ्यायला हवीत. आणि अशा दगडांवर लोक ऑइलपेंटनं बदाम काढतात, किंवा हौसेनं तारेचा ब्रश मारतात. डोकं फिरतं माझं.

दिवाळीनंतर ये. कासची फुलं आणि गर्दी दोन्ही ओसरलेली असतील. तिथल्या जांभ्यात लोह भरपूर. गंजक्या रंगाचं काही दिसतं का, ते बघायचंय. तुझं ते दहापट भिंग आण, माझ्याला चरा पडलाय.

तुझा,
विनू