कडू बिअरची गोडी कशी लागली

पोर्टलंड, ओरेगन
१४ सप्टेंबर

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर माझ्या ओट्यावरची बाटल्यांची रांग पाहून तुम्ही विचारलेत, की बाजारात हवी ती बिअर मिळत असताना हे कडूजहर पाणी तू घरी कशासाठी करतोस, आणि ते तुला आवडते तरी कसे. काकू शेजारी बसलेल्या असल्यामुळे मी विषय बदलला. परंतु ज्यांनी तीस वर्षे द्राक्षबाग सांभाळली आणि वाइनरीला माल घातला, त्यांच्या प्रश्नाची अशी बोळवण करणे मनाला पटले नाही, म्हणून हे पत्र.

काकूंची काळजी आधी दूर करतो. आपल्याकडे घरी मद्य करणे गुन्हा आहे, इथे बिअरपुरते ते नाही. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानुसार प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन बिअर स्वतःसाठी करता येते, विकता मात्र येत नाही. मी त्याच्या चौथाईलाही पोहोचत नाही.

इथे आल्यावर पहिली आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल नावाची कडू बिअर, एका सहकाऱ्याच्या आग्रहाखातर घेतली, तेव्हा तापात आजी पाजत असे त्या किराईताच्या काढ्याची आठवण झाली आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून उठलो. पुढे घरी बिअर करू लागलो तीही गव्हाची, हॉप्स नावापुरते. ज्या हॉप्समुळे बिअरला कडूपणा येतो ती एका वेलीची फुले. त्यांची मी कधी नीट ओळखही करून घेतली नव्हती.

ओळख झाली ती नाकाने. एकदा दुकानातून कॅस्केड जातीच्या वाळवलेल्या अख्ख्या फुलांची पुडी आणली आणि सहज एक फूल तळहातांवर चोळले. पाकळ्यांच्या बुडाशी असलेली पिवळी, चिकट पूड हळदीसारखी बोटांना लागली आणि पपनस सोलताना सालीतून जो वास उडतो, अगदी तोच वास आला. हा वास माझ्या बिअरमध्ये आजवर कधीच आला नव्हता, कारण मी हॉप्स सुरुवातीलाच टाकून तासभर उकळत असे. त्यांतली कडू आम्ले दीर्घ उकळीनेच रूप बदलून पाण्यात उतरतात, तर सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात. फोडणीत घातलेली कोथिंबीर आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच हा.

खात्री करून घेण्यासाठी मी माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचे, एकच गोड पाणी तीन पातेल्यांत वाटले. पहिल्यात हॉप्स तासभर उकळले, दुसऱ्यात शेवटची पाच मिनिटे उरली असताना टाकले, आणि तिसऱ्यात उकळताना काहीच न घालता आंबवणे संपल्यावर बरणीत कोरडेच सोडले, ज्याला इथे ड्राय हॉपिंग म्हणतात. काही आठवड्यांनी तिन्हींची चव घेतली. पहिली म्हणजे आजीचा काढा. दुसरी बरी होती. तिसरीचा वास खोलीभर पसरला, पण तोंडात ती इतकी गुळचट लागली की दुसरा घोट नकोसा झाला. मग काय मनात आले कोण जाणे, पहिली आणि तिसरी एकाच ग्लासात ओतली, आणि तो ग्लास मी संपवला. पुरणपोळीच्या ताटात कटाची आमटी जे काम करते, ते माल्टच्या गोडीशेजारी हा कडूपणा करतो, हे मला त्या ग्लासात उमगले.

त्यानंतर मी एकेका जातीच्या मागेच लागलो. चेक देशातल्या झाटेक गावाची साझ मातकट, मसालेदार. सिमको पाइनच्या ओल्या लाकडासारखी. सिट्रा लिची आणि आंब्याच्या वळणाची. समिट जातीच्या एका पुडीला मात्र कांदा-लसणाचा असा दर्प होता, की लासलगावच्या बाजार समितीत उभा आहे की काय असे वाटले.

तुम्हाला आवडेल ते पुढेच आहे. गेल्या शनिवारी वुडबर्नजवळ हॉप्सची काढणी पाहून आलो. अठरा फूट उंचीचे खांब, त्यांवर तारा, आणि तारांवरून जमिनीपर्यंत सोडलेले नारळाच्या काथ्याचे दोर. वेल त्या दोराला वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच वेढे घालत चढते, उलटी वळवली तर सुटून पडते. काढणीत अख्खी वेल दोरासकट कापून नेतात आणि जमिनीतला कंद पुढच्या वसंतात पुन्हा फुटतो. तुमची गोडी छाटणी तोंडावर आली असेल. इथे छाटणी आणि काढणी एकाच कोयत्याने उरकते. आपल्याकडे हे पीक लावण्याचा विचार कृपया करू नका, कारण नीट वाढून भरपूर फुलण्यासाठी त्याला उन्हाळ्यातला लांबच लांब दिवस लागतो. भारतात ते हिमाचलातल्या लाहौलमध्ये होते.

तुमच्यामुळे माझी एक खेप वाया गेली, हेही सांगून टाकतो. चांगली वाइन मुरू द्यावी, हे तुमचे शब्द डोक्यात ठेवून मी चोवीस बाटल्या अडीच महिने कपाटात ठेवल्या. उघडल्या तर रंग गढूळ तांबूस, कडूपणा जागच्या जागी, आणि पपनसाच्या जागी भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. बाटल्या भरताना मी धार उंचावरून सोडली होती. त्या फेसातून शिरलेल्या हवेने सुगंध खाऊन टाकला.

तेव्हा कंपनी सरकारच्या काळात हॉजसन यांच्या लंडनमधील ब्रुअरीतून मुंबईला येणाऱ्या पेल एलचा, म्हणजे आजच्या आयपीएच्या पूर्वजाचा, विचार मनात आला. चार ते सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात हॉप्सची कडू द्रव्ये तिला आंबट करणाऱ्या जंतूंपासून वाचवत, परंतु मुंबई बंदरात पिंप फुटेपर्यंत ताज्या फुलाचा वास कितीसा उरत असेल? ती खास हिंदुस्थानासाठी शोधली गेली, ही इथल्या प्रत्येक बारमध्ये ऐकवली जाणारी कथा मला पटत नाही. दूर पाठवायच्या बिअरमध्ये जास्त हॉप्स घालण्याची रीत त्याआधीही होती.

डिसेंबरात येईन तेव्हा नोव्हेंबरअखेर भरलेल्या दोन बाटल्या कपड्यांत गुंडाळून आणीन. त्या मुरवायला ठेवायच्या नाहीत. मी आलो त्याच संध्याकाळी, फ्रीजमध्ये गार करून, मोठ्या तोंडाच्या ग्लासात ओतायच्या आणि आधी नुसता वास घ्यायचा. काकूंना तेवढे आधी सांगून ठेवा.

आपला पुतण्या,
निखिल