पिव्हटच्या बेअरिंगवर पाण्याचा फवारा नको

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील पावसाळ्यानंतर सायकलची निगा कशी राखावी हा लेख वाचला. साखळी आणि ब्रेक यांविषयीचा भाग कात्रण काढून ठेवावा इतका नेमका आहे. मात्र मागे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक दुचाकी धुण्याच्या केंद्रावर नेऊन दाबाच्या पाण्याने धुऊन घ्यावी आणि सांध्यांवर तेलाचा स्प्रे मारावा, हा त्यातील सल्ला पाळला तर चांगली बेअरिंग एकाच पावसाळ्यात निकामी होतील, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पिंपरी-चिंचवडमधील एका कारखान्याच्या देखभाल विभागात माझी सारी नोकरी झाली. माझी पुतणी गेल्या वर्षी पावसाळाभर बावधनमागच्या टेकड्यांवर सायकल चालवत असे आणि घरी परतताना वाटेतच ती अशा केंद्रावर धुऊन आणत असे. दिवाळीच्या सुमारास मागचा भाग कुरकुरू लागला. मुख्य पिव्हटचे, म्हणजे मागचा भाग ज्यावर झुलतो त्या सांध्याचे, बेअरिंग काढून त्याचे सील उचकटले, तर आत ग्रीसच्या जागी विटकरी रंगाचे पातळ पाणी होते आणि आतल्या रिंगेवर छर्र्यांनी ओळीने बारीक खळगे पाडलेले होते. बोटावर धरून फिरवले की ते प्रत्येक खळग्यापाशी अडखळत होते.

याचे कारण त्या सांध्याच्या हालचालीत आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना चाकाचे बेअरिंग मिनिटाला साधारण १४५ फेरे घेते, त्यामुळे छर्रे ग्रीस सगळीकडे फिरवत राहतात. पिव्हटचे बेअरिंग मात्र पूर्ण फेरा कधीच घेत नाही. ते थोड्याच अंशांत मागेपुढे झुलते, धक्क्यांचा सारा भार त्याच त्या छर्र्यांवर येतो आणि बाजूला सरलेले ग्रीस परत जागेवर येत नाही. कारखान्यातून येणारे सर्वसाधारण बेअरिंग वेगाने फिरण्यासाठी बनवलेले असल्याने त्यातील मोकळ्या जागेचा सुमारे एक तृतीयांश भागच ग्रीसने भरलेला असतो. वेगात फिरणाऱ्या यंत्राला ते योग्यच आहे, कारण जास्त ग्रीस घुसळून तापते. पिव्हटला तापण्याचा प्रश्नच नाही, आणि रिकामी राहिलेली जागा पाण्याला आयती मिळते. रबरी सील चिखल अडवते, पण जवळून मारलेल्या दाबाच्या फवाऱ्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. स्प्रेचे पातळ तेल तर आतले ग्रीसच सैल करते.

उपाय घरी करता येतो. बेअरिंग जागेवर असतानाच बारीक सुईने किंवा पातळ पात्याने सील आतल्या रिंगेच्या कडेने, ओठ न दुमडता, हलकेच उचलावे, आतील ग्रीस डिझेलने धुवावे, पूर्ण कोरडे करावे आणि पाण्याला दाद न देणारे घट्ट ग्रीस काठोकाठ भरून सील बोटाने दाबून बसवावे. खळगे पडले असतील तर ग्रीस भरून उपयोग नाही, बेअरिंग बदलावेच लागते. सीलवरचा आकडा, उदाहरणार्थ ६९०२, म्हणजे १५ मिलिमीटर भोक, २८ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ७ मिलिमीटर जाडी, सांगितला की बेअरिंगच्या दुकानात ते मिळते. मात्र छर्र्यांमध्ये अंतर राखणारा पिंजरा नसलेले, छर्रे खच्चून भरलेले बेअरिंग असेल तर तसेच मागावे, कारण ते जास्त भार पेलते. नवे बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगेवर द्यावा. आतल्या रिंगेवर हातोडी मारून बसवलेले बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होते, आणि हे मी सायकलच्याच नव्हे, लाखो रुपयांच्या यंत्रांच्या बाबतीतही पाहिले आहे.

आणखी एक तपासणी लेखात यायला हवी होती. मागील शॉक (धक्के झेलणारा भाग) सोडवून चाकासह स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरणारा झुलता सांगाडा, हाताने वर-खाली करावा. तो सहज हलला पाहिजे, आणि बाजूला ढकलल्यावर खेळ जाणवता कामा नये. शॉक बसवलेला असताना त्याच्या जोरापुढे बेअरिंगची खरखर हाताला कळतच नाही.

धुण्यासाठी बादलीभर पाणी, साबण आणि मऊ ब्रश पुरतो. दसऱ्याच्या आठवड्यात धुण्याच्या केंद्रांवर वाहनांच्या रांगा लागतात आणि त्यांत सायकलीही असतात, तेव्हा ही दुरुस्ती त्याआधीच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त देखभाल कर्मचारी, कोथरूड, पुणे